श्रम म्हणजे व्यायाम नव्हे, घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे

यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी साठली की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. सोनोग्राफीच्या अहवालात हेच ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे छापून येते. असा अहवाल हाती पडलेला माणूस बहुधा पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी गेलेला असतो, कारण या अवस्थेत यकृत दुखत नाही, भूक मरत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. अशा रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत निकामी होणे हे नसून हृदयविकार हे आहे.

याची कारणमीमांसा सरळ आहे. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला दाद देत नाही. त्यामुळे ते उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहते, ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात पाठवते, हितकर एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि धमन्यांच्या भिंतीत थर बसू लागतो. वाढलेली कंबर, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि मेदयुक्त यकृत ही एकाच बिघाडाची चार रूपे आहेत. म्हणून यकृतासाठी एक पथ्य आणि हृदयासाठी दुसरे, असा भेद करण्याचे कारण नाही. दोन्हींचा पहिला उपाय एकच, आहार आणि व्यायाम. वाद आहे तो कोणता आहार आणि कशाला व्यायाम म्हणायचे, याविषयी.

हा वाद नीट पाहायचा तर कबनूरसारखे गाव घ्यावे. हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीला खेटून असलेले हे गाव. आजूबाजूला ऊस आणि वस्तीत यंत्रमागांचा खडखडाट. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि पुढच्या काळात हा धंदा भोवतालच्या गावांत पसरला. कोल्हापूर जिल्ह्याची कुस्तीची परंपरा, म्हशीचे दूध, गूळ आणि कष्टाची सवय यांमुळे इथे शरीराविषयीची मते पक्की आहेत. ती मते आधी त्यांच्याच बाजूने मांडली पाहिजेत.

पूर्वपक्ष

पहिले मत असे की लिव्हरचे दुखणे म्हणजे एक तर कावीळ, नाही तर दारूचा परिणाम. जो दारूला शिवत नाही, मांसाहार करत नाही, त्याला लिव्हरची काळजी कशाला? दुसरे मत, चरबीचे दुखणे जाड्या माणसाचे. अंगाने किडकिडीत माणसाला ते होत नाही. तिसरे, बारा तास मागावर उभे राहणाऱ्याला किंवा शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम नको. चौथे, गूळ, तूप, घाण्याचे तेल आणि म्हशीचे दूध यांवर आजे-पणजे पोसले आणि धडधाकट जगले. बिघाड झाला तो साखर, रिफाइंड तेल आणि पाकिटातल्या खाण्याने. पाचवे, लिव्हर बिघडलेच तर ते साफ करणारे रस आणि काढे आहेत; डॉक्टरांच्या गोळ्यांनी उलट लिव्हर खराब होते.

ही मते अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाहीत. प्रत्येकामागे काही अनुभव आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस-ई हा विषाणू तिच्या मुळाशी होता आणि तिने बळीही घेतले. ज्या भागाने हे पाहिले, तिथे लिव्हर म्हटले की पिवळे डोळे आठवणारच. पण अनुभव खरा असला तरी त्यातून काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही.

खंडन

काविळीचा विषाणू आणि यकृतातली चरबी ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. विषाणूजन्य कावीळ अचानक येते, दिसते आणि बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरते. चरबी वर्षानुवर्षे न दिसता साठते. काहींच्या यकृतात तिच्यामुळे सूज येते, सुजेतून व्रण आणि व्रणांतून सिरॉसिस होतो. इथवर पोहोचल्यावर कावीळ दिसली, तर ती रोगाची सुरुवात नसते, शेवटचा टप्पा असतो. कावीळ नाही म्हणून यकृत ठीक, हा तर्क इथेच कोसळतो.

निर्व्यसनी आणि शाकाहारी असणे निश्चितच चांगले, पण ते पुरेसे नाही. यकृत केवळ खाल्लेल्या तेला-तुपातून चरबी साठवत नाही. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखर-पिठापासून ते स्वतः चरबी तयार करते. ताटात चार पोळ्या, भाताचा ढीग, बटाट्याची भाजी आणि डाळीचे पातळ पाणी, वर दुपारी फरसाण, असे जेवण पूर्ण शाकाहारी असूनही यकृताला भारी पडते. दारू मात्र या बिघाडात भर घालतेच. हृदयासाठी थोडी दारू चांगली, ही समजूतही आता टिकत नाही. दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले.

किडकिडीत माणसाविषयीच्या समजुतीला उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. वजनाने कमी असलेल्या इथल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक असते, असे त्यातून दिसले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी दडलेली असू शकते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरले जाते आणि काट्यापेक्षा कमरेच्या टेपवर अधिक भर दिला जातो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावे.

श्रम हाच व्यायाम, हे मत सर्वांत वजनदार आहे आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बंगालमधल्या लडलो ताग गिरणीतील २१३ कामगारांच्या जाँ मेयर यांनी केलेल्या १९५६ च्या अभ्यासात, बैठे काम करणारे कामगार अंगमेहनत करणाऱ्यांच्या बरोबरीने किंवा अधिकच खात होते आणि वजनाने भारी होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजीला आणि कारखान्यात केवळ फेरी मारणाऱ्या मालकाला ही गोष्ट जशीच्या तशी लागू पडते.

पण मागावरच्या कामगाराचे काम बारकाईने पाहावे. दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो उभा असतो. धागा तुटला की माग थांबतो. तो वाकतो, गाठ मारतो, धोट्यातली रिकामी कांडी काढून भरलेली घालतो, माग पुन्हा सुरू करतो आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या मागाकडे वळतो. हे बारा तास चालते. पाय भरून येतात, पाठ धरते, कान बधिर होतात. पण सलग दहा मिनिटे दम लागेल, घाम फुटेल आणि हृदयाची गती चढून राहील असा प्रसंग या कामात येत नाही. कंडक्टर जिना चढत होता, हा उभा असतो. त्यातच पाळी बदलली की झोप मोडते, जेवणाची वेळ मोडते आणि अपुऱ्या झोपेने रक्तदाब व साखर दोन्ही बिघडतात.

डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीवरून आंद्रेआस होल्टरमान आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हाच भेद दाखवला. फावल्या वेळेतल्या व्यायामाने हृदयविकाराचा धोका घटत होता. कामाच्या ठिकाणचे कष्ट जितके जास्त, तितका धोका वाढत होता. अशा पाहणीतून कारण पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण कामातले श्रम दीर्घ, एकसुरी आणि विश्रांतीविना असतात, तर व्यायाम थोडा वेळ, जोमदार आणि मागून विश्रांती देणारा असतो. थकवा हे व्यायाम झाल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

आता आजोबांचा दाखला. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. बालपणीचे आजार, प्लेग, हगवण, क्षय यांनी माणसे हृदयविकाराच्या वयापर्यंत पोहोचण्याआधीच जात. जे वाचले ते काटक होते. त्यांच्याकडे पाहून त्यांच्या खाण्याला श्रेय देणे म्हणजे न वाचलेल्यांना हिशेबातून वगळणे होय. शिवाय आजोबांना तूप सणाला आणि गूळ-पाणी पाहुणा आला की मिळे. नातवाला दोन्ही रोज मिळते आणि तो बैलामागे चालत नाही, मोटारसायकलवर जातो.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची चव त्या मानाची आहेच. पण यकृताच्या दृष्टीने गूळ आणि साखर भावंडेच आहेत. दोन्हींत मुख्य घटक सुक्रोज, म्हणजे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा बहुतांश भार यकृतावरच पडतो आणि जादा फ्रुक्टोजची ते चरबी बनवते. गुळातल्या थोड्या खनिजांनी हा हिशेब बदलत नाही. चहाचेच पाहावे. एका कपात दोन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ म्हणजे सुमारे ८ ते १० ग्रॅम. पाळीत आणि घरी मिळून सात कप झाले की ५६ ते ७० ग्रॅम होतात. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा ५० ग्रॅम आहे आणि त्याहून बरी मर्यादा २५ ग्रॅमची. जेवणाआधीच कोटा संपलेला असतो.

तेलाचेही तसेच. घाण्याचे शेंगतेल चवीला आणि वासाला सरस. पण तेल कोणतेही असो, ग्रॅमला नऊ कॅलरी ठरलेल्या. मिसळीवर तरंगणारा कट घाण्याच्या तेलाचा आहे म्हणून कमरेवर कमी बसत नाही. तुपात निम्म्याहून अधिक संपृक्त मेद असतो आणि तो अपायकर एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतो. भातावर चमचाभर तूप चालेल, खुराक म्हणून वाटीभर नाही. पैलवानाची थंडाई, दूध आणि मटण त्याच्या रोजच्या शेकडो जोर-बैठकांशी बांधलेले असते. तालीम सुटली आणि खुराक चालूच राहिला, की तोच खुराक पोटावर दिसू लागतो.

राहिले रस आणि काढे. यकृत साफ करावे लागत नाही. रक्त गाळून निरुपयोगी द्रव्ये बाहेर काढण्याचे काम ते स्वतःच करते. दुधी-कारल्याचा रस प्यायल्याने यकृतातली चरबी विरघळते, याला आधार नाही. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे तर धोक्याचे आहे. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा सपाटा चालला असताना मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि त्यावर वाद झाला. वाद असला तरी, आधीच बिघडलेल्या यकृतावर देखरेखीविना काढे ओतू नयेत, एवढा बोध घ्यायला हरकत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांविषयीची भीती मात्र उलट दिशेने चुकलेली आहे. मेदयुक्त यकृत असलेल्यांना त्या सामान्यतः देता येतात आणि त्यांचा खरा धोका जो हृदयविकार, तो त्या कमी करतात. आहार सुधारला म्हणून त्या परस्पर बंद करणे हा शुद्ध तोटा आहे.

मंडन

खंडन एवढ्यासाठीच की उपायाची जागा मोकळी व्हावी. तो उपाय महाग किंवा परका नाही. ऑलिव्ह तेल, अ‍ॅव्होकॅडो आणि ओट्स यांवाचून हृदय वाचत नाही, हा शहरी समजही तितकाच चुकीचा आहे. कबनूरच्या स्वयंपाकघरात लागणारे बहुतेक सगळे आहे. बदलायचे आहे ते प्रमाण.

ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीने भरावा. मेथी, पोकळा, अंबाडी, शेवगा, दोडका, गवार, काकडी, मुळा, यांत बटाटा धरायचा नाही. पाव भाग उसळ, घट्ट डाळ, हुलग्याचे माडगे, अंडे किंवा मासा. चिकन-मटण खाणाऱ्याने तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या कमी कराव्यात आणि तेलाचा थर बाजूला काढावा. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. शाळूच्या पिठात आणि कोंड्यासकट गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या भाताच्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमहून कमी. म्हणजे भाकरी की पोळी हा वाद गौण आहे. पीठ चाळलेले की न चाळलेले आणि भाकरी दोन की चार, हा मुख्य. जवसाची आणि कारळ्याची चटणी तेल न ओतता खावी. मूठभर शेंगदाणे फरसाणाच्या जागी आले तर दोन्ही अवयवांचा फायदा.

मिठाचा हिशेब रक्तदाबाशी जोडलेला आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, ही मर्यादा आहे आणि भारतीय माणूस सरासरीने सुमारे आठ ग्रॅम खातो. जेवणातले मीठ एकदम तोडण्यापेक्षा पापड, लोणचे, खारवलेली मिरची आणि पाकिटातले खारे पदार्थ रोजच्यावरून आठवड्यावर आणणे सोपे. चहा बंद करण्याची गरज नाही. सात कपांचे तीन करावेत आणि साखर कपाला अर्ध्या चमच्यावर आणावी. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे व्रण कमी आढळतात, तीही चालेल. तंबाखू, मावा आणि दारू यांची भरपाई मात्र कोणत्याही भाजीने होत नाही.

व्यायामाचे माप आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणे. जोडीला दोन दिवस स्नायूंचे काम. दुसऱ्या भागासाठी जिमची फी भरायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधवलेले खासबाग मैदान १९१२ चे; त्या परंपरेतून आजच्या माणसाने घ्यायचे ते जोर आणि बैठका, थंडाई नव्हे. सवय नसलेल्याने भिंतीला हात टेकून जोर आणि खुर्चीवरून उठ-बस यांपासून सुरुवात करावी. व्यायामाने वजनाचा काटा हलला नाही तरी यकृतातली चरबी घटते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नये.

वजन जास्त असेल तर किती उतरवावे, याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके आहे. पाच टक्के वजन उतरले की यकृतातली चरबी लक्षणीय घटते, सात ते दहा टक्क्यांना सूज उतरते. क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर आहार आणि चालण्याचा उपचार झाला; त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवले, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांची यकृताची सूज गेली आणि जवळपास निम्म्यांचे व्रणही मागे हटले. मात्र इतके वजन उतरवू शकलेले दहांत एकच होते. उपाय प्रभावी आहे, पण सोपा आहे असे कोणी सांगू नये. ऐंशी किलोच्या माणसाने वर्षात आठ किलो उतरवणे म्हणजे महिन्याला पाऊण किलोहूनही कमी. उपासतापास करून महिन्यात आठ किलो उतरवणे यकृताला आणि पित्ताशयाला घातक ठरू शकते. बारीक माणसाला तीन ते पाच टक्के उतरवूनही लाभ होतो.

नवी औषधे आली आहेत. सूज आणि व्रण असलेल्या मेदयुक्त यकृतासाठी अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड मंजूर झाले. पण दोन्हींची मंजुरीच आहार आणि व्यायामाच्या जोडीने वापरण्यासाठी आहे. गोळी की चालणे असा पर्याय औषधशास्त्रानेही दिलेला नाही.

यावर खरा आक्षेप एकच उरतो. बारा तासांची पाळी करून घरी आलेल्याने चालायचे कधी? हा आक्षेप आळसाचा म्हणून झटकता येत नाही. वैयक्तिक निश्चयाला मर्यादा आहेत आणि पाळी छोटी होणे, शेडमध्ये चहाबरोबर पिण्याचे स्वच्छ पाणी आणि बसायला बाक मिळणे, रात्रपाळी दर आठवड्याला न उलटणे, या गोष्टी मालक, संघटना आणि शासन यांच्याच हातात आहेत. तोवर दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे दोन-तीन तुकडे केले तरी ते मोजले जातात; कामावर जाता-येता सायकल किंवा झपझप चाल हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे. रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर वडापाव खाण्यापेक्षा पाळीवर निघण्याआधी पूर्ण जेवण आणि मध्ये ताक, शेंगदाणे किंवा फळ हे बरे.

तपासणीची सोयही गावात पोहोचलेली आहे. २०२१ पासून मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला आहे. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशा सेविका जो तक्ता भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचे माप, आठवड्याचा व्यायाम आणि घरातला रक्तदाब-मधुमेहाचा इतिहास विचारला जातो. चारहून अधिक गुण आले की रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीला प्राधान्याने जायचे असते. सोनोग्राफीत चरबी दिसली असेल तर वय, यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून निघणारा फिब-४ हा आकडा डॉक्टरांना विचारावा. व्रणांचा धोका किती, याचा अंदाज त्यावरून येतो.

पथ्य सर्वांना सारखे नसते, हेही नोंदवले पाहिजे. सिरॉसिस झालेल्याने, पोटात पाणी झालेल्याने, इन्सुलिन घेणाऱ्याने, मूत्रपिंड कमजोर असलेल्याने किंवा चालताना छातीत दुखणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारून मगच आहार आणि व्यायाम बदलावा. सिरॉसिसमध्ये तर खाणे कमी करणे हानिकारक ठरते. तिथे प्रथिने वाढवावी लागतात. इतरांनी दर तीन महिन्यांनी कंबर, वजन आणि रक्तदाब मोजावा, वर्षातून एकदा साखर, लिपिड आणि यकृताच्या विकरांची तपासणी करावी आणि आपल्या ताटाविषयीचे मत ऐकीव गोष्टींवर न ठरवता या आकड्यांवर ठरवावे.